दाबोळीचे खड्डे आणि हॅम्बुर्गची घरं

चिखलीकर (धागाकर्ता) · १९ डिसेंबर, सकाळी ७.४०

आमच्या आजीला पेज उतू गेली की १८ डिसेंबर आठवायचा. १९६१ साली, गोवा मुक्त करायला भारतीय फौजा आल्या तेव्हा, ती २३ वर्षांची होती. घर चिखलीत, मागल्या दारातून दाबोळी विमानतळाचं पठार दिसायचं. पेज चुलीवर होती आणि जमीन हादरली. तिला वाटलं कुणीतरी सुरुंग लावला. दुसऱ्या हादऱ्याला कौलं सरकली, माळ्यावरची माती पेजेत पडली आणि धाकटा दीर ओरडत आला, "विमानां आयलीं!" सगळं घर मागच्या फणसाखाली. शेजारची क्रिस्तांव म्हातारी लादीन (त्यांची प्रार्थना) म्हणत होती, आजी रामरक्षा. दोघींचं एकाच वेळी संपलं, असं ती हसून सांगायची.

त्या फणसाखाली कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लहानपणी मला यात विशेष काही वाटलं नाही. बाँब विमानतळावर टाकायचे होते, विमानतळावर पडले, विषय संपला. पण गेल्या पावसाळ्यात पाय मोडून दोन महिने घरी पडलो आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीवर हाताला लागेल ते वाचत सुटलो. तेव्हापासून त्या फणसाकडे बघताना वेगळंच काहीतरी मनात येतं.

आधी आपल्याकडचं सांगतो. १८ तारखेच्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची १२ कॅनबेरा बाँबफेकी विमानं दाबोळीवर आली आणि काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टन बाँब टाकून गेली. मागून आणखी ८ कॅनबेरा आली. धावपट्टी उखडायची, पण टर्मिनलची इमारत आणि बाकीच्या सोयींना हात लावायचा नाही, असा हुकूम होता. तो इतका पाळला गेला की बाजूला उभी असलेली पोर्तुगिजांची दोन प्रवासी विमानंसुद्धा शाबूत राहिली. बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर सहा हंटर विमानांनी रॉकेट्स आणि तोफा डागल्या. पाखल्यांचा (पोर्तुगिजांचा) लिस्बनशी संपर्क तुटला.

आता दुसरी बाजू. १४ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटनच्या बॉम्बर कमांडला नवा आदेश गेला. यापुढे शत्रूच्या नागरिकांचं, त्यातही कारखान्यातल्या कामगारांचं मनोधैर्य हे मुख्य लक्ष्य. दुसऱ्याच दिवशी हवाई दलप्रमुख पोर्टल यांनी वर एक चिठ्ठी जोडली, की नेम धरायचा तो दाट वस्तीवर, गोद्या आणि विमानांच्या कारखान्यांवर नव्हे, हे सगळ्यांना नीट कळलंय ना ते बघा. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मला आजवर वाटायचं की घरं चुकून जळतात.

दीड वर्षाने, जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग. २७ तारखेच्या रात्री आगी एकमेकींत मिसळून वादळ उठलं, रस्त्यावरचं डांबर वितळलं, तळघरात लपलेली माणसं हवा संपून गेली. त्या आठवड्यात ३५ ते ४० हजार माणसं मेली. मोहिमेचं नाव होतं गोमोरा. आमच्या शेजारच्या म्हातारीला बायबलमधलं ते गाव ठाऊक असणार.

कॅनबेरातले बाँबही साधेच, वरून सोडले की जातील तिथे जाणारे. म्हणून मला वाटतं, फरक यंत्रात कमी आणि हुकमात जास्त आहे. चिखलीची घरं वाचली कारण कुणीतरी कागदावर ती वगळली होती. चुकत असेन तर सांगा.

---

नारायणपेठी · सकाळी ८.२५

धागा आवडला, पण "यंत्रात कमी" याला माझा आक्षेप आहे.

तो १९४२ चा आदेश आकाशातून पडला नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ब्रिटिशांनी स्वतःच्याच विमानांनी काढलेले फोटो तपासले. तो बट अहवाल म्हणून ओळखला जातो. ज्या वैमानिकांनी परत येऊन "लक्ष्यावर बाँब टाकले" असं सांगितलं होतं, त्यांच्यातला तीनांतला एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचला होता. जर्मनीच्या कारखान्यांच्या ऱ्हूर खोऱ्यात तर दहातला एक. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर! तुमच्या दाबोळीवर नेम धरून आठ किलोमीटर चुकलं तर वास्को, चिखली, बोगमाळो सगळं त्यात आलं.

दिवसा गेलं तर विमानं पाडली जायची, रात्री गेलं तर कारखाना दिसायचा नाही. रात्री दिसणारी एकच गोष्ट म्हणजे अख्खं शहर. मग शहर हेच लक्ष्य ठरवलं. बाण आधी मारायचा आणि जिथे रुतेल त्याभोवती वर्तुळ काढायचं, असा प्रकार. आदेश नंतर आला, आंधळेपणा आधीचा.

---

चिखलीकर · सकाळी ८.४०

बट अहवालाचं वाचलं होतं. पण नेम लागत नाही म्हणून थांबणं हाही एक पर्याय होता ना?

---

दादरकर७२ · सकाळी ८.५८

थांबणं?? समोर हिटलर होता मालक. १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर सलग ५७ रात्री बाँब पडले. कोव्हेन्ट्री एका रात्रीत उद्ध्वस्त. फ्रान्स पडलेला, अमेरिका अजून युद्धात नाही. जर्मनीपर्यंत पोचणारं एकच हत्यार हातात होतं, विमान. ते न वापरता बसायचं होतं का?

आपल्याला सोप्या खुर्चीत बसून न्याय करणं फार सोपं जातं.

---

बोरीचो · सकाळी ९.१०

मुक्तिदिनाच्या सर्वांना शुभेच्छा 🙏

आमच्या आजोबांकडे विमानांची एकही गोष्ट नाही, पुलांची आहे. पाखल्यांनी माघार घेताना पूल उडवले, बाणस्तारीचा त्यातलाच. आमच्या बाजूच्या लोकांना भारतीय बाँबपेक्षा त्याचाच ताप झाला, नंतर कितीतरी दिवस होडीने ये-जा. लिस्बनहून सालाझारचा हुकूम याहून मोठा होता, आठ दिवस लढा, शरणागती नाही, सैनिक एकतर विजयी नाहीतर मेलेले. गव्हर्नर वासालो ई सिल्व्हा याने पूल उडवले, पण शहर बेचिराख केलं नाही आणि १९ ला सही केली. पोर्तुगालमध्ये त्याला सैन्यातून काढलं, १९७४ ची क्रांती झाल्यावर परत मान मिळाला.

चिखलीकर बाब, तुमचा हुकमाचा मुद्दा इथेही लागू पडतो. हुकूम देणारा एक असतो आणि तो न पाळणाराही एक असू शकतो.

---

सांबरेवाले · सकाळी ९.३५

ती हंटर विमानं आमच्या गावावरून उडाली. बेळगावजवळचं सांबरा. वडील तेव्हा शाळेत. सांगतात की मास्तरांनी पोरं बाहेर काढली आणि सगळी पोरं टाळ्या वाजवत होती. कुठे चाललीत हे गावाला आधीच ठाऊक होतं म्हणे! विमानं परत येताना पोरांनी मोजली, गेली तेवढी आली.

तिकडे फणसाखाली रामरक्षा चालू होती हे आज कळलं. अंतर किती, शंभर-सव्वाशे किलोमीटर.

---

रोहिणी_पर्वरी · सकाळी १०.१५

नारायणपेठी यांचा "यंत्र नव्हतं म्हणून" हा मुद्दा युरोपापुरता मान्य करूया. मग टोकियोचं काय?

मी जपानी शिकते, म्हणून त्या बाजूचं थोडं वाचलंय. बी-२९ हे त्या काळातलं सगळ्यात पुढारलेलं बाँबफेकी विमान. आधी त्यांनी तीस हजार फुटांवरून कारखान्यांवर नेम धरून बघितला. जपानवर त्या उंचीला वारा इतका जोरात वाहतो की बाँब भलतीकडे जायचे. मग जनरल कर्टिस लेमे यांनी पद्धतच बदलली. रात्री जायचं, पाच ते नऊ हजार फुटांवर उतरायचं आणि स्फोटक बाँबऐवजी आग लावणारे टाकायचे. घरं लाकडाची, दारं कागदाची. ९ मार्च १९४५ च्या रात्री २७९ विमानांनी १,६६५ टन टाकले. ४१ चौरस किलोमीटर जळून गेलं. अंदाजे एक लाख माणसं त्या एका रात्रीत मेली, दहा लाख बेघर झाली. हिरोशिमाचं नाव पोरासोरांना ठाऊक असतं, ही रात्र कुणाला आठवत नाही.

नद्या-कालव्यांत उड्या टाकलेली माणसं उकळत्या पाण्याने गेली. हे लिहिताना हात थांबतो, पण "मनोधैर्य खच्ची करणे" हा शब्द वाचला की त्याचा अर्थ हा, एवढं सांगायचं होतं.

आणि गंमत म्हणायची की काय ते कळत नाही, १९६४ साली जपान सरकारने याच लेमे यांना मानाचं पदक दिलं, त्यांच्या नव्या हवाई दलाला मदत केली म्हणून.

---

दादरकर७२ · सकाळी १०.३०

रोहिणीताई, टोकियोत घराघरांत लेथ आणि ड्रिल होते, सुटे भाग घरी बनायचे. घर आणि कारखाना वेगळा काढायचा कसा?

---

रोहिणी_पर्वरी · सकाळी १०.३८

हे लेमेंचंच म्हणणं. एखाद्या घरात लेथ असेल, मान्य. पण त्या गल्लीत तान्हं मूल नव्हतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

---

हंसा_निवृत्त · सकाळी ११.२०

मी १९७८ ला दाबोळीला नौदलात आलो आणि इथलाच झालो. मूळचा सातारचा. थोडं तांत्रिक लिहितो.

धावपट्टीवर बाँब टाकणं ऐकायला मोठं वाटतं. खरं म्हणजे तो वेळ विकत घेण्याचा प्रकार. खड्डा माती-खडीने भरता येतो. दाबोळीचंच बघा, इतके बाँब पडूनही त्याच संध्याकाळी पोर्तुगिजांनी धावपट्टीचा काही भाग भरून घेतला आणि रात्री अंधारात ती दोन्ही शाबूत विमानं अधिकाऱ्यांची बायकामुलं घेऊन उडाली. पहिल्या विमानाला जेमतेम ७०० मीटर मिळाले, तेही दगडमातीने भरलेले. समुद्रालगत खालून उडत थेट कराची. वैमानिकाला मानलं पाहिजे, शत्रू असला तरी. दहा वर्षांनी भूजला आपल्याकडे तेच झालं. पाकिस्तानी हल्ल्याने उखडलेली धावपट्टी माधापरच्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत दुरुस्त करून दिली.

तेव्हा दाबोळीच्या हल्ल्याने विमानतळ "नष्ट" झाला असं समजू नका. एक दिवस अडला, तेवढंच हवं होतं. पुढल्याच वर्षी नौदलाने तो ताब्यात घेतला, आज तिथेच आय.एन.एस. हंसा आहे. टर्मिनल का नाही पाडलं? कारण आपल्यालाच वापरायचं होतं. त्यात दया किती आणि हिशेब किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

दादरकरांना एक सांगतो. १९७१ ला विक्रांतवरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चित्तगावला हल्ले केले. विमानतळ, बंदर, जहाजं. मला शिकवणारे वरिष्ठ त्यांत होते. ते म्हणायचे, टाकून परत येताना खाली काय होतं ते ठाऊक असलं की झोप लागते. एवढंच म्हणायचे, पुढे काही विचारलं की चहा मागवायचे.

---

नारायणपेठी · दुपारी १२.०५

हंसा काका, "हिशेब" हा शब्द बरोबर पकडलात. मला नैतिकतेपेक्षा आधी एवढंच विचारायचंय की शहरं जाळून काम झालं का?

उत्तर सरळ नाही. युद्ध संपल्यावर अमेरिकेने मोठी पाहणी केली. बाँबफेक चालू असतानाच जर्मनीचं शस्त्रउत्पादन वाढत गेलं आणि १९४४ मध्ये शिगेला पोचलं. लोकांचं मनोधैर्य खचलं, पण खचलेली माणसं दुसऱ्या दिवशी कामावर गेली. जातील कुठे? घर जळाल्यावर रेशन मिळणार ते त्याच सरकारकडून. बंड करायला पोटात अन्न आणि अंगात झोप लागते. १९२१ साली इटलीच्या जनरल दूए यांनी मांडलं होतं की शहरांवर बाँब पडले की जनताच सरकारला युद्ध थांबवायला लावेल. लंडनमध्ये तसं झालं नाही, हॅम्बुर्गमध्ये नाही, टोकियोतही नाही.

नेम धरून केलेलं सगळंच यशस्वी झालं असंही नाही. श्वाइनफर्टचे बॉल बेअरिंगचे कारखाने म्हणजे जर्मनीची नस असं अमेरिकनांनी ठरवलं. १७ ऑगस्ट १९४३ च्या मोहिमेत ६० विमानं गमावली, प्रत्येकात दहा माणसं. १४ ऑक्टोबरला परत गेले, परत ६० गमावली. जर्मनांकडे साठा होता, स्वीडनमधून माल येत होता, कारखाने विखरून टाकले. नस तुटली नाही.

तुटली ती तेलाची. मे १९४४ पासून कृत्रिम तेलाचे कारखाने लक्ष्य केले. त्या कारखान्यांतून निघणारं विमानाचं इंधन एप्रिलमध्ये १,७५,००० टन होतं, जुलैत ३०,००० आणि सप्टेंबरमध्ये ५,०००. विमानं तयार होऊन उभी, टाकीत थेंब नाही. नवीन वैमानिकांना शिकवायला इंधन नाही. हे झालं खरं काम, आणि त्यासाठी कुणाचं घर जाळावं लागत नव्हतं. बॉम्बर कमांडचे प्रमुख हॅरिस यांना मात्र तेल, बेअरिंग असली लक्ष्यं म्हणजे अक्सीर इलाजाचं वेड वाटायचं. ते शेवटपर्यंत शहरांवरच अडून राहिले.

---

दादरकर७२ · दुपारी १२.३०

अर्धी बाजू सांगितलीत. शहरं वाचवायला जर्मनीला हजारो विमानविरोधी तोफा आणि लाखो माणसं घरी अडकवावी लागली, लढाऊ विमानं रशियाच्या आघाडीवरून परत आणावी लागली. ते सगळं स्टालिनग्राडनंतर पूर्वेला असतं तर? बाँब पडलेच नसते तर उत्पादन किती वाढलं असतं, हा आकडा कुठल्या पाहणीत असणार?

आणि टाकणारेही मरत होते. बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. पोरं होती, विशीतली. त्यांना खुनी म्हणताना जरा जपून.

---

नारायणपेठी · दुपारी १२.४१

तोफांचा मुद्दा मान्य. खुनी मी कुणालाच म्हटलेलं नाही.

---

गणिताचोमास्तर · दुपारी १.१०

अवांतर: बाँबफेकी विमानांचा विषय निघालाच आहे तर अब्राहम वाल्ड यांचं नाव हवंच. परत आलेल्या विमानांवर जिथे जास्त भोकं, तिथे पत्रा जाड करा असं सैन्यातल्या लोकांचं म्हणणं. वाल्ड म्हणाले, जिथे भोकं नाहीत तिथे करा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत. मी दरवर्षी नववीच्या पोरांना हे सांगतो, वर्ग एकदम गप्प होतो.

पुढचं पोरांना सांगत नाही. हेच वाल्ड भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी आले होते आणि डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीत विमान कोसळून पत्नीसह गेले.

---

सांबरेवाले · दुपारी १.१४

बाप रे. हे माहीत नव्हतं.

---

तिरकसराव · दुपारी २.००

सगळे एकमेकांची पाठ थोपटून झाले असतील तर एक खडा टाकतो.

गोव्यातला संयम स्वस्त होता. दाबोळीवर एक लढाऊ विमान नव्हतं. दिवसाढवळ्या, स्वच्छ आकाशात, कुणी वाकडी नजर करणारं नाही, तेव्हा टर्मिनल वाचवणं कठीण नसतं. दोन्ही बाजू मिळून पन्नासच्या आसपास सैनिक मेले असं ते युद्ध. हॅम्बुर्गशी त्याची तुलना म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटची लॉर्ड्सशी तुलना. आणि पोर्तुगिजांच्याच ताब्यातल्या दीवला विचारा, तिथल्या विमानतळाचा मनोरा, बिनतारी केंद्र, हवामान केंद्र, काही ठेवलं का? संयम होता तिथे होता, नव्हता तिथे नव्हता.

शिवाय गोवेकर "आपले" होते. ज्या घरात उद्या राहायला जायचं ते कोण जाळतं?

---

चिखलीकर · दुपारी २.४५

स्वस्त होता हे कबूल. रात्रभर विचार करून लिहिलेल्या धाग्याला असंच भोक पडायला हवं होतं 😀 दीवचं मी सोयीस्करपणे सोडलं, तेही कबूल.

पण "आपले" होते म्हणून, हे पटत नाही. आजीच्या फणसाखालच्या माणसांना त्या सकाळी कुणी आपलं म्हटलेलं त्यांना ठाऊक नव्हतं.

---

लुंगलेईत_तीन_वर्षं · दुपारी ३.३०

मी सहसा लिहीत नाही. फोंड्याची आहे, नोकरीनिमित्त तीन वर्षं मिझोराममध्ये होते.

"आपले असले की जाळत नाहीत" या वाक्याला ऐजॉलमध्ये कुणी होकार देणार नाही. ५ मार्च १९६६. मिझो नॅशनल फ्रंटने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, आसाम रायफल्सच्या ठाण्याला वेढा होता. भारतीय हवाई दलाच्या तुफानी आणि हंटर विमानांनी ऐजॉलवर हल्ला केला. गोव्यात वापरली तीच जात विमानांची, मधे जेमतेम सव्वाचार वर्षं. शहराचा बराच भाग जळाला. त्या वेळी सरकारकडून सांगितलं गेलं की विमानं रसद टाकायला गेली होती.

मी जिथे भाड्याने राहत होते तिथल्या आजी तेव्हा लहान होत्या. सांगायच्या की आधी पोरं विमान बघायला बाहेर धावली, कारण त्यांनी तोवर एवढ्या खालून विमान पाहिलंच नव्हतं. मग जंगलात पळाले, आणि परत आले तेव्हा घर कुठे होतं ते चुलीच्या दगडांवरून ओळखलं.

तुमच्या आजीच्या पेजेची गोष्ट वाचली आणि लिहावंसं वाटलं. दोन्ही आज्या चुलीपाशीच आहेत.

---

तिरकसराव · दुपारी ३.४८

माझा मुद्दा मागे घेतो. ऐजॉल खरंच डोक्यात नव्हतं.

---

हंसा_निवृत्त · दुपारी ४.०५

नोकरीत असताना यावर आम्ही बोलत नसू. आताही फार बोलणार नाही. पण ताईंनी लिहिलं ते खोटं नाही.

---

दादरकर७२ · दुपारी ४.२०

वेढ्यात आपलेच जवान होते हेही लिहा. ते मेले असते तर इथेच धागा निघाला असता.

---

लुंगलेईत_तीन_वर्षं · दुपारी ४.३१

लिहिलंय दादा, वेढा होता असं वर लिहिलंय. ठाणं सोडवणं आणि बाजारपेठ जाळणं या दोन गोष्टी एकच का मानायच्या, एवढंच विचारते.

---

काळाकोट · सायंकाळी ५.१५

कायद्याचं कुणी काढलं नाही म्हणून थोडक्यात. १९०७ च्या हेगच्या नियमांत बचाव नसलेल्या गावावर भडिमार करू नये असं आहे, पण ते विमानं युद्धात यायच्या आधीचं. १९२३ मध्ये हवाई युद्धासाठी खास मसुदा तयार झाला, कुठल्याच देशाने तो बांधून घेतला नाही. सप्टेंबर १९३९ ला रूझवेल्ट यांनी सगळ्यांना आवाहन केलं की उघड्या शहरांवर बाँब टाकू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचं आपण वर वाचलंच.

युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत शहरांवरच्या बाँबफेकीचा आरोप पुढे रेटला गेला नाही, रेटणाऱ्यांच्याच अंगाशी आला असता. स्पष्ट बंदी आली ती जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या जादा करारात, कलम ५१. एका शहरातली वेगवेगळी लष्करी ठिकाणं एकच लक्ष्य समजून सगळ्यावर भडिमार करणं, हा बिननेमाचा हल्ला धरला जातो. म्हणजे १९४२ ची ती चिठ्ठी आज लिहिली तर तो लेखी पुरावा होईल. भारत या करारात सहभागी नाही. अमेरिकेनेही मान्यता दिलेली नाही.

युद्ध चालू असतानाही विरोध करणारे होते. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात उभं राहून विचारलं की हे चाललंय ते कुठल्या अधिकाराने. लोकांनी त्यांना फार शिव्या दिल्या.

---

बोरीचो · सायंकाळी ६.००

मला मात्र विमान म्हटलं की १९ तारखेचंच आठवतं. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई. सहा वर्षं जंगलातून मुक्तीचं रेडिओ केंद्र चालवलं, आणि त्या दिवशी विमानाला ध्वनिक्षेपक लावून गोव्यावरून फिरत पोर्तुगीज आणि कोंकणीतून सांगितलं की गोवा मुक्त झाला. आजोबा म्हणायचे, आवाज नीट कळला नाही, वाऱ्याने तुटत होता, पण बाई बोलतेय एवढं कळलं, म्हणून कुणी लपलं नाही.

---

रोहिणी_पर्वरी · सायंकाळी ६.१२

बोरीचो, हे फारच सुंदर आहे.

---

वास्कोवाली · सायंकाळी ६.४०

बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक ठेवलेलं आहे, पोरांना दाखवायला न्या. मोठं सुपर कॉन्स्टेलेशन प्रवासी विमानही आहे. आमचा मुलगा विचारत होता, "हेच का ते पळून गेलेलं?" ते नव्हे, हे एअर इंडियाचं, नंतर नौदलात आलेलं. पण जात तीच. एवढं धूड ७०० मीटरमध्ये कसं उचललं असेल देव जाणे.

---

चिखलीकर · रात्री ९.३०

वास्कोवालीताईंचा प्रतिसाद वाचून उठलो आणि धाकट्या आजोबांना फोन लावला. तोच तो "विमानां आयलीं" ओरडणारा दीर. आता ऐकू कमी येतं, त्यामुळे दोघेही ओरडत बोललो. विचारलं, त्या रात्री विमान उडाल्याचं आठवतं का?

एक गोष्ट कळली जी आजीने कधी सांगितली नव्हती. दिवसभर कोणी घरात गेलं नाही. संध्याकाळी वर पठारावर कामगारांचा गलका ऐकू येत होता, दगड टाकल्याचे आवाज. रात्री कसंबसं सगळे आत आले, आजीने परत पेज ठेवली. ती होते न होते तोच डोक्यावरून प्रचंड घरघर गेली, दिवा नाही, काही नाही, नुसता आवाज आणि कौलं थडथडली. आजी पेज टाकून परत फणसाखाली. सगळे परत फणसाखाली. पहाटेपर्यंत तिथेच बसले, पुढचा बाँब कधी पडतो त्याची वाट बघत. तो अर्थातच पडला नाही. ते विमान त्यांच्यावर यायला निघालेलं नव्हतं, कराचीला निघालेलं होतं, आत यांच्यासारखीच घाबरलेली बायकापोरं.

हे कळलं कधी असं विचारलं तर म्हणाले, "आत्तां तुवेंच सांगलें मरे!" साठाहून जास्त वर्षं त्यांना वाटत होतं की भारतीय विमान रात्री परत आलं होतं आणि त्यांना बघून सोडून गेलं.

---

लुंगलेईत_तीन_वर्षं · रात्री ९.४४

फणस आहे का अजून?

---

चिखलीकर · रात्री ९.५०

आहे. रसाळ आहे, काप्याची अपेक्षा ठेवू नका. मे महिन्यात या.